पोटुशी सून, शॉक आन् ह्यांचा पाट

ये गं, जवळ सरक. लांबून काय वाचतीस? आमच्या पोटुशी सुनेला करंट दिला, हे तू बाजारात ऐकलंस आन् तिथंच हाय हाय करत बसलीस. सख्ख्या मावशीला एक फोन करायचा न्हाय व्हय? आता पुरतं ऐक.

तिला सातवा लागला होता. आधी झोप गेली, मग बोलणं, मग जेवण. भिंतीकडं तोंड करून पडायची. म्या ज्वारीच्या कण्या केल्या, सांजा केला, ताक केलं. ओठाला लावलं की मान फिरवायची. एकदा एवढंच म्हणाली, "आत्या, मला न्हाय जगायचं." म्या तिला तसंच दवाखान्यात न्हेलं.

उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोलापूरला मनाच्या डॉक्टरांकडं धाडलं. गोळ्या झाल्या, तरी घास उतरंना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता शॉक द्यावा लागेल. अशीच उपाशी राहिली तर आई आणि बाळ, दोघांच्या जिवाला धोका आहे."

शॉक म्हटल्यावर आमचे मालक सरसावले. जन्म गेलाय विहिरीवरच्या मोटारीशी भांडण्यात. डॉक्टरांनाच विचारतात, "सिंगल फेज का थ्री फेज?"

डॉक्टर हसले न्हाईत. खुर्ची देऊन सांगितलं, "बाबा, तिला भूल देणार. करंट फक्त डोक्याला, तोही काही सेकंद. पोटाकडं जात नाही. बाळाचे ठोके आधी बघणार, नंतरही बघणार. धोका अजिबातच नाही असं नाही, क्वचित कळा येतात. म्हणून बाळंतपणाच्या डॉक्टर जवळच असतील."

मालकांनी मान डोलावली. आन् शॉकच्या दिवशी जेवायचा पाट काखेत मारून हजर! "हिला ह्याच्यावर निजवा. खाली कोरडं लाकूड असलं की करंट लेकरातून जमिनीत उतरत न्हाय."

नर्सबाई म्हणाली, "आजोबा, एवढ्याशा पाटावर ती मावणार कशी?"

"मग निदान पाय तरी ठेवा!"

पाट काही आत गेला न्हाय. मग त्याच्यावर हेच बसले, दाराबाहेर, रबरी चपला घालून. येणारे-जाणारे बघून हसत होते. म्या मात्र पदर तोंडात धरून बसलेली.

सूनबाई बाहेर आली. ठोके ठीक होते. डोकं दुखलं, आदल्या दिवसाचं काही आठवंना. ते पुढं हळूहळू निवळलं. आणखी काही शॉक झाले, दर वेळी हे पाट घेऊन हजर. एका सकाळी तिनं सासऱ्याकडं टक लावून बघितलं.

"मामा, खाली का बसलाव? खुर्ची न्हाय का मिळाली?"

कितीक दिवसांनी पुरतं वाक्य बोलली! मालकांनी उठून पाट पटकन मागं सारला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आत्या, कण्या हायत का?" म्या तिथंच रडले, आन् मालक मलाच रागावले, "रडतीस काय, वाढ की!"

आता नात रांगतीया. सूनबाईच्या गोळ्या चालू हायत, तपासणी चुकवत न्हाय. हे सगळं तिला विचारूनच लिहिलंय. तूही बाजारात विचारू नकोस, तिलाच विचार, ती सांगती. पर लवकर ये बाई. जेवायलाच ये, हल्ली सैपाक तीच करती.