सगळ्यांच्या मुठीत एकच किल्ली

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या रिकाम्या खोक्यांना पाठ टेकून तो बसायचा. काम रुग्णांच्या नोंदी सांभाळायचं. पण पंखा असो की घड्याळ, हाती लागेल ते उघडून बघायची खोड. म्हणून सगळे त्याला खटपट्या म्हणत. बायकोसुद्धा.

एकदा कुणीतरी दुसऱ्याच्या पासवर्डनं एका बाईचा तपासणीचा अहवाल उघडला आणि गोष्ट तिच्या सासरी पोचली. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर नोंदी कागदावर. मग तुमचं इथे काम उरणार नाही."

पासवर्ड होतेच तसे. पोरांची नावं, लग्नाच्या तारखा. खटपट्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची, पुढे बारा लिहायचं, एंटर दाबायचं. वाऱ्यानं पाचोळा उधळावा तशी बारा अक्षरं खाली येऊन पडत; तोच नवा पासवर्ड. प्रत्येकाच्या संगणकावर त्यानं तो बसवला आणि बजावलं, "पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. नवऱ्यालाही नाही."

"त्याला सांगून काय होणार?" सिस्टर म्हणाल्या. "त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही."

सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली.

मग एका सकाळी सिस्टरांचा संगणक बंद पडला, म्हणून त्या अजून न आलेल्या लॅबवाल्याच्या जागी बसल्या. पडद्यावर त्याचं नाव होतं. सवयीनं बोटांनी स्वतःचाच पासवर्ड टाकला. आणि त्याच्या सगळ्या नोंदी उघडल्या. त्या तडक मागच्या खोलीत आल्या.

"अरे खटपट्या, लॅबवाल्याच्या कुलपाला माझी किल्ली कशी लागते?"

त्यानं प्रोग्रॅम उघडला. यंत्राला मनानं काही सुचत नाही. आत दडलेल्या एका आकड्यापासून ते अक्षरं काढत जातं; बारा ही नुसती लांबी. आकडा तोच, तर अक्षरंही तीच. चाचणी घेताना सोय म्हणून त्यानं एका ओळीत तो आकडा पक्का केला होता आणि ती ओळ काढायची राहून गेली होती. अख्ख्या दवाखान्याच्या झाकल्या मुठीत एकच पासवर्ड होता, आणि मूठ कुणीच उघडत नव्हतं.

"मी काही पाहिलं नाही," सिस्टर हळूच म्हणाल्या. "गुपचूप नीट कर."

"नको. मीच सांगतो."

डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. "मधल्या काळात कुणी दुसऱ्याचं काही उघडलं?"

कोणती नोंद कधी उघडली याची संगणकातली यादी त्यानं तिथेच हजेरीशी ताडून दाखवली. सिस्टरांची आजची चूक सोडून काही नव्हतं.

"दुरुस्त करा. पण पासवर्ड कुणी सांगायचा नाही, मग वेगळे झाले हे मला कसं कळणार?"

खटपट्यानं ती ओळ काढली. सगळ्यांनी नवे पासवर्ड काढले आणि आपलं ठिकाण सोडून बाकी प्रत्येक संगणकापुढे बसून स्वतःचा टाकला. डॉक्टरबाई मागे उभ्या. पडद्यावर आलं, 'पासवर्ड चुकीचा आहे.' पुढच्यावर तेच. त्याच्या पुढच्यावरही.

"चुकल्याबद्दल कुणी खूश झालेलं आजच बघतोय," लॅबवाला म्हणाला.

शेवटचा पडदाही नाही म्हणाला, तेव्हा डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "नोंदी संगणकावरच राहू द्या," असं म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.