सरकारचे दात

"दात शुक्रवारी," असं म्हणत पेंटरमामा ब्रश घासलेटच्या डब्यात बुडवायचे आणि उठायचे.

तेव्हाच्या औरंगाबादेत मी एका थिएटरच्या तिकीटखिडकीत बसायचो. मामा मागच्या अंगणात बॅनर रंगवायचे. कबरीतून उठून माणसांचं रक्त पिणारा तो परदेशी उमराव पडद्यावर यायचा असला, की हा प्रकार ठरलेला. गुरुवारपर्यंत झगा, डोळे, ओठ सगळं तयार. दात मात्र शुक्रवारी सकाळी, बॅनर टांगल्यावर, शिडीवर चढून. खाली ही गर्दी जमायची. आधी उजवा, मग डावा. दुसरा दात झाला की मामा मान खाली घालून उतरायचे आणि पुढचा आठवडाभर सायकल मागच्या बोळातून आणायचे.

कारण ऐकाल तर हसाल, आम्हीही हसलो. जन्मभर त्याला रंगवणाऱ्या या माणसाने त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. मामांना त्याची भीती वाटायची.

"भ्याव वाटतंय, त्यात काय लपवायचं? दात नाय तवर मी त्याचा पेंटर. दात आले की तो सरकार."

सरकार हे नाव मामांचंच. लासूर स्टेशनच्या अलीकडे त्यांचं गाव. निजामाच्या काळात त्यांचे वडील जहागीरदाराच्या वाड्यावर वेठीला जायचे. जहागीरदार दात दाखवून हसला की त्या दिवशी कुणाला तरी फटके बसायचे, एवढं मामांना लहानपणचं पक्कं आठवत होतं.

"पोलीस ॲक्शन झाली, जहागिऱ्या गेल्या. मंग ह्यो एकलाच कसा राहिला, बाबू?" ते मला असं विचारायचे, जणू ती माझीच कारकुनी चूक.

राहिला खरा. आधी काळापांढरा आला. मग रंगीत आला आणि मामांचे लाल रंगाचे डबे भराभर संपायला लागले. हिंदीत आला तेव्हा ओसाड हवेलीत राहून त्रिशूळाला घाबरू लागला. पुढे एक तर असा निघाला, की कॉलेजातल्या पोरीच्या प्रेमात पडून रडायचा. मामांनी त्याचा फोटो उलटासुलटा करून पाहिला. "सरकार लईच उतरले की," म्हणाले. दात मात्र त्यालाही शुक्रवारीच.

मग मालकांनी छापील फ्लेक्स लावायचं ठरवलं. मामांचा हातही थरथरायला लागला होता. सरकारचा नवा अवतार येतोय असं कळलं, तेव्हा ते मालकांपुढे जाऊन उभे राहिले.

"एवढा एक मला द्या, मालक. मंग खुशाल फ्लेक्स लावा."

मालकांनी दिला. गुरुवारी चेहरा पुरा झाला. शुक्रवारी सकाळी मामांऐवजी मुकुंदवाडीहून त्यांचा मुलगा आला. मामांच्या छातीत दुखलं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. खाली गर्दी ताटकळलेली आणि वर सरकारांचं बोळकं.

"दोन रेघा तर मारायच्यात, बाबू. मारा," मालक म्हणाले.

मी ब्रश घेऊन चढलो. पण ते दात मामांचे होते, माझ्याच्याने झालं नाही. मालक तणतणले. बोळके सरकार तसेच लटकत राहिले आणि ते बघायला लोक मुद्दाम येऊ लागले.

मंगळवारी मुलगा मामांना रिक्षातून घरी नेत होता. मामांनी रिक्षा थिएटरसमोरच्या रस्त्याने घ्यायला लावली. मी खिडकी सोडून धावलो.

"मामा, शिडी मी धरतो. काढता दात?"

रिक्षातून मान बाहेर काढून ते वर पाहत राहिले. त्याच्याकडे इतका वेळ पाहताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"नगं," ते म्हणाले. "आत्ता गेली त्याची जहागीर." मग जरा हसले. "गुरवारच्या मॅटिनीचं एक तिकीट ठेवा. बघतो एकदा सरकारला."

मला इतका आनंद झाला, की बाल्कनीतली मधली खुर्ची मी तिथल्या तिथे ठरवून टाकली.

बुधवारी मामा गेले.

गुरुवारी मॅटिनीला चांगली गर्दी होती. खिडकीशी लोक हुज्जत घालत होते. ती एक खुर्ची मात्र मी कुणाला दिली नाही.