खंडेनवमीचं ताम्हन

ताम्हनाची कड माझ्या खालच्या ओठावर बसली. आधी दुखलं नाही. आधी आवाज आला, तांबं दातावर आपटल्याचा. मग हनुवटीवरून ऊन ऊन काहीतरी खाली उतरलं.

वेटिंग रूममध्ये चार घरची माणसं होती. कोणी जागचं हललं नाही. एका छोट्या मुलीने आईचा कुर्ता ओढला. "मॉम, शी इज ब्लीडिंग." आईने तिचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

हे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये घडलं. एका दातांच्या दवाखान्यात, दिवसाढवळ्या. मारणारी बाई आमच्या डॉक्टरांची बायको. साठी उलटलेली, सगळ्यांची काकू. माझीही काकूच होती.

मी तिथे असिस्टंट. हत्यारं धुवायची, पाकिटात भरायची, वाफेच्या मशीनमध्ये लावायची. शिवाय मी युनिव्हर्सिटीत शिकते, पार्ट टाइम. सहा वर्षं झाली. शेवटचा कोर्स असा की वर्ग नाही, पुस्तक नाही. रोजचं कामच अभ्यास. दर आठवड्याला एक पान लिहायचं: काय घडलं, काय वाटलं, काय शिकलात. बारा आठवडे, बारा पानं, प्रत्येक पानावर साहेबाची सही. एक सही राहिली तरी डिग्री राहिली. अकरा पानं मी गुणी मुलीसारखी लिहिली. हातमोजे कसे काढावेत. घाबरलेल्या पेशंटशी कसं बोलावं. डॉक्टर काका न वाचता सही करायचे आणि म्हणायचे, "ग्रेट जॉब, बेटा."

हे बारावं पान आहे.

माझी आई नागपूरला एका नर्सिंग होममध्ये आया होती. बाळंतिणींच्या चादरी धुवायची. बामणाच्या सुनेच्या, शेठाणीच्या, सगळ्यांच्या. मला म्हणायची, "रक्त थंड्या पान्यानंच निघते बाई, कोनाचंई असो." इथे ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी हेच शिकवलं तेव्हा मला हसू आलं. आईला याचं सर्टिफिकेट कोणी दिलं नव्हतं. तिला चहासुद्धा दाराबाहेर मिळायचा, तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला. मला वाटायचं तो कप तिकडेच राहिला. एवढं विमानात बसून आले, कप काय मागे येतो?

आला की.

आठवड्याआधी मी दसऱ्याची सुट्टी मागितली होती. काकू काउंटरवर बसायच्या, रजा त्याच बघायच्या. मूळच्या पुण्याच्या. हसत म्हणाल्या, "दसऱ्याला? सोनं वाटायला का?"

"नाही काकू, आमचा कार्यक्रम असतो. आम्ही बौद्ध. दसऱ्यालाच आमच्या आजोबांनी नागपुरात धम्म घेतला."

काकूंचं हसू गेलं नाही. नुसतं गोठलं. "अच्छा," म्हणाल्या. "आडनावावरून वाटलं नाही गं." दुसऱ्या दिवशी माझा डबा फ्रिजमधून काढून मागच्या खोलीत ठेवलेला होता, प्लास्टरच्या दातांच्या साच्यांशेजारी. मी काही बोलले नाही. मला सही हवी होती. बोलले नाही ही माझी चूक आणि ती मी इथे लिहून ठेवते, कारण फॉर्ममध्ये स्वतःच्या चुका लिहायला सांगितलंय.

मग खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेचा दिवस. काका दरवर्षी दवाखान्यात पूजा करतात. पेशंट बंद, ओळखीची मंडळी जेवायला. पाटावर लाल कापड आणि त्यावर दात उपटायचे चिमटे, आरसे, ड्रिल ओळीने मांडलेले. ती सगळी हत्यारं सकाळी मीच तयार करून दिली होती.

काकूंनी घरून पूजेची भांडी आणली होती. ताम्हन, पळी, पंचपात्र. वर्षभर कपाटात पडून हिरवी पडलेली. पिशवी माझ्या हत्यारं धुण्याच्या खोलीत ओट्यावर होती. काका जाता जाता म्हणाले, "एवढी भांडी क्लीन करून दे, बेटा. एकदम फर्स्ट क्लास."

फर्स्ट क्लास म्हणजे मला एकच ठाऊक. मी ती घासली, पुसली, पाकिटात भरली आणि मशीनमध्ये लावली. वाफ नीट बसली की पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलतो. बदलला. जगात याच्यापलीकडे स्वच्छ काही नसतं. मी पाकिटं ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेली. भांडी अजून कोमट होती. मला बरं वाटत होतं. तेसुद्धा लिहिते. आपण काहीतरी जास्तीचं केलं म्हणून मला मूर्खासारखं बरं वाटत होतं.

काकूंनी पाकीट फोडलं आणि थांबल्या. "हे कोणी धुतलं?"

"मी, काकू. मशीनमधून काढलंय."

"रक्ताची हत्यारं जातात त्यात! देवाची भांडी घातलीस? आणि वर तुझे हात लावलेस?"

सगळे बघत होते. मी पाटाकडे बोट केलं. आवाज चढवला नाही. "काकू, पाटावरची हत्यारंपण त्याच मशीनमधली आहेत. याच हातांनी लावलेली. त्यांना तुम्ही आत्ता हळदकुंकू वाहिलंत."

एवढंच बोलले. मग ताम्हन आलं.

पुढचं काही क्षणांचं मला तुटक आठवतं. काकू ओरडत होत्या, "तोंड वर करून बोलते! माझ्याच दवाखान्यात!" पुन्हा हात उगारलेला. मी तो मनगटात धरला. बांगडी फुटली, काच माझ्या तळव्यात गेली. मला तो हात पिरगाळायचा होता. हाड कडकन मोडेपर्यंत. खोटं कशाला बोलू? पुण्याचा एक इंजिनिअर, ज्याचं रूट कॅनॉल करताना तासभर मी उभी होते, तो सोफ्यावरून म्हणाला, "लेट इट गो यार, काकूंचं वय बघ." ज्याच्या तोंडात माझी हत्यारं गेली तो मला काकूंचं वय बघायला सांगत होता. मी हात सोडला.

काकांनी मला आत नेलं. खुर्चीत बसवलं, दिवा डोळ्यांवर आणला, इंजेक्शन दिलं. "ओपन." मी तोंड उघडलं. टाके घालायला त्यांनी पाकीट फोडलं. त्यावर तारीख माझ्या अक्षरात होती.

दोन टाके घालून झाले. तिसऱ्याला सुई आत होती, त्यांची दोन बोटं माझ्या दातांमध्ये होती आणि ते अगदी प्रेमाने बोलत होते. "हे बघ, काकूंना बीपी आहे. तू घसरलीस. फ्लोअर ओला होता. ओके? तुझ्या फाइलमध्येपण तेच लिही. वर्कप्लेस सेफ्टी, चांगला टॉपिक आहे. मी लगेच साइन करतो. लास्ट साइन आहे ना तुझं?"

तोंडात बोटं असलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं? मी वर बघत होते. छताला एक डाग होता. मला आई दिसली, दाराबाहेर कप धरून, मालकिणीपुढे मान हलवणारी. काका म्हणाले, "मान हलव, बेटा. यू अंडरस्टँड?"

मी मान हलवली नाही. मी दात मिटले.

बोट तोडायला नाही. पण अर्धवटही नाही. हातमोजा फाटल्याचं माझ्या दातांना कळलं, खाली हाड लागलं. ते किंचाळले. तोवर मी धरून ठेवलं. मग सोडलं आणि उठून बसले. ओठातून दोरा लोंबत होता, त्याला सुई.

ते भिंतीला टेकले होते, हात छातीशी धरून. तीस वर्षं अमेरिकेत काढलेला माणूस. सगळ्यांना बेटा म्हणणारा. म्हणाला, "शेवटी जात दाखवलीस."

"नाही काका," मी म्हटलं. ओठ बधिर होता, शब्द लाळेतून फुटत होते. "दाखवली तुम्ही."

कात्री घेऊन मी दोरा स्वतः कापला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. रक्ताने भरलेली, पूजेच्या मधून. आरती चालू होती. थांबली.

अर्जंट केअरमधल्या, म्हणजे इथल्या तातडीच्या दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "कसं लागलं?" घसरले म्हटलं असतं तर दहा मिनिटांत सुटले असते. मी म्हटलं, "मला मारलं." तिने पेन थांबवलं, मग पूर्ण नाव विचारलं. कोणी मारलं, त्याचं. मी ते नाव एकेक अक्षर करून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा तेही सांगितलं. तिला कळायला वेळ लागला. मी वेळ दिला.

मला न्यायला आलेला नवरा गाडीत म्हणाला, "पोलिस? ग्रीन कार्डचं काय?" मी त्याच्याकडे तोंड वळवलं. त्याने माझा ओठ बघितला आणि गाडी पोलिस स्टेशनकडे वळवली. जबाबात मी चावलेलंही सांगितलं. लपवायचं असतं तर घसरलेच असते.

प्रोफेसर बाई चांगल्या आहेत. व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाल्या, सहीशिवाय त्या हे पान मान्य करू शकत नाहीत. कोर्स पुन्हा करावा लागेल, दुसरीकडे काम धरून. की याला सांस्कृतिक गैरसमज म्हणता येईल? तसं लिहिलंत तर समितीशी बोलून बघते.

"नाही," मी म्हटलं. "गैरसमज कोणाचाच नव्हता. काकूंना मी कोण ते नीट कळलं होतं."

म्हणून हे पान सहीशिवाय जातंय. सहीच्या चौकटीत मी लिहिलंय: साहेबांनी सही नाकारली, कारण मी घसरले नव्हते. डिग्री आणखी एक सेमिस्टर लांबली. लांबू दे. तीच बारा पानं पुन्हा लिहीन, दुसऱ्या दवाखान्यात, आणि तिथे पहिल्याच दिवशी मी कोण ते सांगेन. डबा हलला तर त्याच दिवशी पान लिहीन, बाराव्या आठवड्याची वाट बघणार नाही.

शेवटचा प्रश्न आहे: अशी वेळ पुन्हा आली तर तुम्ही वेगळं काय कराल?

खुर्चीत बसणार नाही. हात धरला तर सोडणार नाही. आधी पोलिसांना फोन, टाके नंतर.