खालच्या राजाकडे जाणारी वाट

आमच्या लग्नाच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं दुपारभर व्हिडिओ गेम खेळत बसलो होतो. हे कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते, म्हणून मी फारसं सांगत नाही.

मी कोल्हापूरची. नोकरीसाठी चेन्नईला आले, नुंगंबाक्कममधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचं काम मिळालं. तो इथलाच, तंजावरकडच्या मराठी घरातला. त्यांची मराठी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कुणीतरी बखर वाचतंय आणि तीही तमिळ हेल काढून, असं वाटलं होतं. माझं बोलणं त्याच्या आईला भांडल्यासारखं वाटायचं. तरी लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडची मंडळी खूश होती. पोरांची भाषा तरी एक आहे, म्हणाली.

तो श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात होता. कंपनीची बस त्याला मोठ्या रस्त्यावरून उचलायची, कधी पहाटे, कधी दुपारी. पाळी बदलली की आमचं सगळंच बदलायचं. मी उठायचे तेव्हा तो नुकताच झोपलेला असायचा. दूध आणलंय, पाण्याचा कॅन सांग, गॅसवाला येईल, एवढं बोलणं फोनवरच्या मेसेजांत उरकायचं. रविवार मात्र दोघांचा होता आणि रविवारी तो गेम लावायचा.

गेम त्याचा, आमच्या लग्नाआधीपासूनचा. एक बुडालेलं शहर, त्याच्या खाली पाण्यात उतरलेला एक म्हातारा, अक्राळविक्राळ राजा. त्याला मारलं की खेळ संपला. पण त्याच्यापर्यंत जायची वाटच जीवघेणी होती. आधी एका कोरड्या विहिरीत शिडीनं उतरायचं. मग पाण्यानं भरलेला बोगदा, त्यात चुकीच्या फाट्याला वळलं की श्वास संपायचा. बोगद्यातून वर आलं की एक मोठं दालन, तिथे आंधळी जनावरं फिरायची. त्यांना दिसायचं नाही, पण पाऊल जोरात पडलं की धावून यायची. त्यानंतर दरीच्या कडेनं जाणारी अरुंद वाट, तिच्या फरश्या पायाखालून निसटायच्या. एवढं पार केलं की राजाचा दरवाजा. आणि या सगळ्यात खेळ सेव्ह होणार फक्त विहिरीच्या काठावरच्या दिव्यापाशी. खाली कुठेही मेलं की पुन्हा विहिरीपासून सुरुवात.

मी आधी नुसती शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायचे. एकदा तो बोगद्यात सारखा बुडत होता. मला राहवेना.

"उजवीकडे कशाला जातोस? मघाशी तिथं भिंत लागली की."

तो वळला आणि वाचला. "तुला कसं लक्षात राहिलं?"

"दिवसभर नकाशेच तर बघते."

तेव्हापासून आमची वाटणी ठरली. कंट्रोलर त्याच्या हातात, वाट माझ्या डोक्यात. मी डोळे मिटून जनावरांच्या श्वासाचा कानोसा घ्यायचे, ती जवळ आली की म्हणायचे, "इरु, इरु." थांब, हे मी त्याच्याच तमिळमधून उचललं होतं. आणि तो फरशीवर पाय टाकण्याआधी विचारायचा, "जाऊं की?" तो 'की' माझ्या कोल्हापूरचा. कधी राजापर्यंत पोचायचो, कधी नाही. पोचलो तरी राजा आम्हांला उभं राहू द्यायचा नाही.

बाकी घरात आमचं काय बिघडलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मोठं भांडण असं कधी झालंच नाही. माझे वडील आजारी पडले तेव्हा मी कोल्हापूरला जाऊन राहिले, त्याला रजा मिळाली नाही. मी परत आले तेव्हा दोघांनाही एकट्यानं राहायची सवय झालेली होती. मग त्याला गुजरातेतल्या नव्या कारखान्यात बढती मिळाली. तो म्हणाला, जावं म्हणतों. मी म्हटलं, माझं इथलं काम सोडवणार नाही. 'तू चल' असं तो म्हणाला नाही. 'तू नको जाऊस' असं मीही म्हटलं नाही. काही महिन्यांनी दहीभात खाता खाता आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं, तेही अगदी समजूतदारपणे.

त्याच्या आईनं मला फोन केला. तिला राग नव्हता, तिला फक्त समजत नव्हतं. "तुम्ही भांडलां तरी केव्हां?" तिनं विचारलं.

त्या रविवारी घरात खोकीच खोकी होती. टीव्ही माझ्याकडे राहणार होता, गेमचं मशीन त्याचं. त्यानं मागची वायर काढायला हात घातला आणि तसाच थांबला.

"राजा राहिलाच," तो म्हणाला.

"मग बस की," मी म्हटलं.

सोफ्यावर पुस्तकांचे गठ्ठे होते, म्हणून खाली फरशीवर बसलो. बाहेर ऊन इतकं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरली होती. आम्ही विहिरीत उतरलो. पहिल्या खेपेला बोगद्यातच बुडालो. दुसऱ्या खेपेला जनावरांनी गाठलं.

"घाई झाली. चुकलं माझं," तो म्हणाला.

"माझंही लक्ष नव्हतं."

हे किती सहज बोललो आम्ही! त्या घरात इतक्या वर्षांत एकमेकांना असं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. खेळ पुन्हा विहिरीपाशी आला होता, आम्ही खाली उतरलो.

त्यानंतर मात्र आम्ही एकदाही वाट चुकलो नाही. मी सांगायच्या आधीच तो थांबायचा, त्यानं विचारायच्या आधीच मी म्हणायचे, जा. राजानं मारलं की मुकाट्यानं पुन्हा खाली उतरायचो. त्या वाटेची भीती गेली होती. गल्लीत राहून राहून कोपरे पाठ होतात तशी ती पाठ झाली होती. तो राजाशी लढत होता आणि मी त्याच्या खांद्याला खांदा लावून, राजाचा हात कुठून येतोय ते सांगत होते. "डावीकडून. खाली बस. आता मार!" शेवटी राजा गुडघ्यांवर आला आणि पाण्यात कोसळला.

आम्ही ओरडलोसुद्धा नाही. पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. खूप माणसं होती ती. आम्ही सगळी नावं शेवटपर्यंत पाहिली, जणू कुणी ओळखीचं निघणार होतं.

"काफी करूं?" त्यानं विचारलं.

"कर."

तो स्वयंपाकघरात गेला आणि दारातच वळला. "काफीचा फिल्टर खोक्यांत बांधला ग. जाऊं दे."

खोकं तिथंच होतं, वरच्या चिकटपट्टीला एक सुरी लावली की उघडलं असतं. मला तसं म्हणावंसं वाटलं. त्यालाही वाटलं असेल, कारण तो बराच वेळ त्या खोक्याकडे बघत उभा होता. मग त्यानं मशीनची वायर काढली आणि मी पुस्तकं भरायला घेतली.

रीतसर कागद झाले, तो गुजरातेत गेला. मी घर बदललं नाही. माणसं म्हणतात वेळेवर सुटलात, कटुता नाही, मूलबाळ नाही. खरं आहे. पण मला त्या दुपारची हळहळ वाटते ती वेगळीच. इतक्या अवघड वाटेनं एकमेकांना सांभाळून नेणं आम्हांला येत होतं. येतच नसतं तर सोडून देणं सोपं गेलं असतं.

पुढे एकदा ऑफिसात जेवायच्या सुट्टीत त्याचा फोन आला.

"गेम पुन्हा पहिल्यापासून लावलाय. पाण्यातून वर आल्यावर जनावरं कुठून येतात?"

"मागून. भिंतीला धरून जा. एकटाच खेळतोस?"

"एकटाच. जमेना."

मी डबा बाजूला सारला आणि त्याला दालन पार करवलं. फरश्यांवरून नेलं. तो मध्येच म्हणाला, "इरु, इरु," आणि दोघंही हसलो. दरवाजाशी पोचल्यावर त्यानं खेळ थांबवला, फोन मात्र ठेवला नाही. त्याला दुसरं काही बोलायचं होतं का, ते मला विचारता आलं असतं.

"पुढचं तुला येतं," मी म्हटलं.

"हो. येतं."

त्यानं फोन ठेवला. बरोबर जेवणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं, कुणाचा ग एवढा वेळ? "घरचा," असं माझ्या तोंडून गेलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.