राणीछाप रुपयाची पाठ

आधीच सांगते, भूतखेत वगैरे मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते आणि हे लिहितानाही मानत नाही. त्यामुळे "बाई, तुम्हाला भास झाला असेल" असं कळवायची तसदी घेऊ नका... भास व्हायला मी काही कच्च्या मनाची नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर. देशाच्या संग्रहातली जुनी नाणी-नोटा गावोगावी दाखवायचं आमचं फिरतं प्रदर्शन होतं, मांडणी माझ्याकडे. धुळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम होता. तिथे शिरपूरकडच्या एक म्हाताऱ्या अक्का आल्या. गळ्यातला राणीछाप रुपया काढून म्हणाल्या, "ठेव व माय तुमनामा." म्हणजे, तुमच्या प्रदर्शनात ठेव. अक्का दुसरेपणावर दिलेल्या. अशी बायको वारलेल्या पहिल्या बायकोच्या नावानं गळ्यात चांदीचा टाक बांधते. अक्कांनी जन्मभर हा कडी लावलेला रुपया बांधला होता. पोटी मूल नाही. आपल्यामागे तो सोनाराच्या मुशीत जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तो चेहरा वर करून शोकेसमध्ये ठेवला, कुलूप लावलं. थोड्या वेळानं बघते तर पालथा! सरळ केला... पुन्हा पालथा. किल्ली माझ्याच कमरेला. शेवटी कापडावर दोन्ही बाजूंनी टाके घालून बसवला. भर दुपारी, लोकांची रांग चालू असताना परत पालथा – आणि टाके जसेच्या तसे.

बातमी फुटली. बायका काचेला हळदकुंकू लावू लागल्या. आमचे प्रदर्शनाचे साहेब वैतागले, "परत करून टाका ते नाणं. जत्रा झालीय नुसती!"

"परत केलं की उद्या ते वितळणार," मी म्हटलं. "नाही देणार."

अक्कांनाच बोलावून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी रुपयाशेजारचं कार्ड वाचून दाखवलं: राणीचं नाव, धातू चांदी, देणाऱ्या म्हणून अक्कांचं नाव. अक्का भडकल्याच.

"राणीनं नाव लिखं, मनं लिखं. रुपया जिना शे, तिनं नाव कोठे शे? मंग का बरं तोंड दावी ती?"

राणीचं नाव आहे, माझं आहे, पण जिचा रुपया तिचंच नाही; मग ती तोंड कशाला दाखवेल, असा त्यांचा सवाल. पहिलीचं नाव काशी. साहेब म्हणाले, "संग्रहाच्या कार्डावर असली नावं लिहीत नसतात."

"मग तसं नाण्याला सांगा," म्हटलं, आणि लिहिलं – 'काशीबाईच्या नावाने गळ्यात बांधलेला रुपया'. रुपया सरळ केला. तो सरळच राहिला.

का? माहीत नाही. शोकेसचे हादरे, कापडाचा ताण, सगळं तपासलं. आजवर उत्तर मिळालेलं नाही.

पुढे जळगावच्या मुक्कामी साहेबांनी ते कार्ड गुपचूप काढलं. रुपया पालथा होतो का, हे बघायला मी थांबलेच नाही. नवं कार्ड लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि त्यांच्यादेखत लावलं. भुताला भिऊन नव्हे! पहिल्याच बाळंतपणात गेलेल्या त्या पोरीचं नाव तिच्या घरातसुद्धा कुणी घेत नव्हतं. माझ्या शोकेसमध्ये ते असणार, कुणाला आवडो न आवडो.