चीनचा बांध

आमच्या थोरल्या मामांनी चीन जितक्या जिद्दीनं राखला, तितका खुद्द चिन्यांनीही राखला नसेल. तोही जाफराबादजवळच्या आमच्या आजोळी, ओसरीवरच्या संगणकावर. मी त्यांच्याकडेच वाढलो. घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. प्राचार्यांपुढं पटका सावरत, "ह्याला शिकवा, शेत मी बघतो," असं म्हणणारे मामाच. म्हणून पहिल्या पगारातून घेतलेल्या संगणकावर पहिला हक्क त्यांचा, हे मी सांगण्याआधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यात चीन-जपान युद्धाचा एक खेळ होता. नकाशावर षटकोनी घरं, आळीपाळीनं फौजा हलवायच्या आणि शेवटच्या पाळीपर्यंत चुंगकिंग शहर टिकलं की चीन जिंकला. मामांनी चीन घेतला. "ज्याच्या घरात घुसलेत, त्याच्याकडून उभं राह्याचं." जपान घेतला धाकट्या मामांनी. दोघे सख्खे भाऊ, शेताला शेत लागून. पण मधल्या दोन हात बांधावरून कित्येक वर्षं अबोला. शेजारी बसून खेळायचे आणि बोलायचे माझ्यामार्फत.

"सांग तुझ्या मामाला, शांघाय गेलं."

"सांग तुझ्या मामाला, मला डोळे हायेत."

पैजही माझ्यामार्फतच लागली: जो जिंकेल, बांध त्याचा.

थोरल्या मामांनी चीनही बांधासारखाच राखायला घेतला. सगळी फौज समुद्रकाठानं एका रांगेत उभी. मी म्हणालो, "मामा, थोडं मागं सरा." तर म्हणाले, "मागं? बीए झाला तरी भित्राच राह्यला तू. बोटभर सोडायचं न्हाई." रांग एका जागी फुटली आणि शांघाय गेलं. त्या दिवशी मामींनी आणलेला चहा त्यांनी "घरात सुतक हाय" म्हणून परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मारका बैल दावं तोडून सुटला. गडी आडवे धावले. मामा ओरडले, "आडवू नका! पळू द्या, दमला की सोताच येतो." एवढं बोलून ते थबकले आणि बैल तसाच सोडून संगणकापुढं येऊन बसले.

त्यानंतर मामांनी गावामागून गाव सोडलं. जाताना रूळ उखडले, पूल पाडले, फौज डोंगरात नेली. धाकटे मामा खुशीत पुढं पुढं सरकत गेले आणि रसद मागंच राहिली. शेवटच्या पाळीला जपानी फौज चुंगकिंगच्या अलीकडं उपाशी उभी! धाकटे मामा ताडकन उठले आणि मी मध्ये आहे हे विसरून थेट म्हणाले, "दादा, एवढी जमीन सोडली व्हय तू?"

"सोडली म्हनून तर राह्यली!"

मामांनी गावभर गूळ वाटला. एसटीच्या कंडक्टरच्या हातावरही खडा ठेवला, "घ्या, चीन वाचला!" त्यानंही कोण चीन, काय झालं, काही न विचारता तोंडात टाकला.

पेरणी आली, तेव्हा जिंकलेल्या बांधाला मामांनी नांगर लावला नाही. म्हणाले, "राहू दे. दोघांला बसायला व्हईल."

आता मामांना पडद्यावरचं दिसत नाही. खेळ मात्र चालू आहे. धाकटे मामा जपानही हलवतात आणि चीनही, आणि काय घडलं ते मोठ्यानं सांगत राहतात. चीन दर वेळी जिंकतो. परवा न राहवून मी मामांच्या कानाशी लागलो, "मामा, ते मुद्दाम हरून राह्यले."

"म्हाईत हाय मला, येड्या," मामा हळूच म्हणाले. "बोलू दे त्याला. लई वर्सं गप होता."