पक्कं झाल्याशिवाय फोन नाही

निवृत्तीनंतर मला पोस्टिंग मिळाली ती गडमुडशिंगी या गावची. शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा कोर्स चालतो. त्यातले ट्रेनी डॉक्टर आळीपाळीने चार-चार महिने गावातल्या दवाखान्यात येतात. त्यांना शिकवणं आणि शेवटी त्यांचा शेरा लिहिणं हे माझं, म्हणजे गाईडचं, काम. मी आर्मी मेडिकल कोअरमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडलो. गावात मला कर्नल डॉक्टर म्हणतात. ट्रेनी माझ्या पाठीमागे मला 'एम अँड डी' म्हणतात, हेही मला ठाऊक आहे.

त्याचा अर्थ सांगतो. फौजेत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला बरं नाही तो रांगेत उभा राहतो. डॉक्टर तपासतो आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे निकाल लिहितो. एकतर ॲडमिट, नाहीतर आराम, नाहीतर एम अँड डी, म्हणजे मेडिसिन अँड ड्यूटी. गोळी घे आणि कामाला लाग. रांगेत पीटी चुकवायला आलेलेही असतात, म्हणून हा शेरा भराभर लिहिला जातो. तो लिहिताना डॉक्टरला आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं. मला तर वाटायचंच, आणि ट्रेनींना मी ही गोष्ट कौतुकाने सांगायचो.

दवाखान्याची ओपीडी साडेआठ ते एक. दीड वाजता व्हरांड्यात फीडबॅक. ट्रेनी उभा राहायचा, मी खुर्चीत बसायचो आणि सकाळचे केसपेपर एकेक करून वाचायचो. चूक दिसली की तिथल्या तिथे खरडपट्टी. औषधाच्या खिडकीपाशी थांबलेले पेशंट ऐकायचे. काही जण तर त्यासाठीच रेंगाळायचे. फीडबॅक कसा द्यावा याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग हॉस्पिटलने मला दिलं होतं. आधी चांगलं सांगा, मग चूक, मग पुन्हा चांगलं. मी पहिल्या दिवशीच्या चहापर्यंत बसलो आणि निघून आलो.

दवाखान्याच्या नर्स मालूताई गावच्याच. त्या एकदा म्हणाल्या, "सर, डॉक्टरास्नी पेशंटसमोर झापू नगासा. उद्या त्यांच्याकडं कोन जाणार?"

"मालूताई, तुम्ही इंजेक्शनं बघा."

"ती बगत्येच की. तुमच्याकडं बगायला कोन हाय?"

फौजेत असं कोणी बोललं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करत केसपेपर पुढे ओढला.

डॉ. सायली जाधव जूनमध्ये आली. शिवाजी पेठेतली मुलगी. वडील शाळामास्तर, भाऊ पेठेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. तपासणारा हात चांगला, ऐकणारा कान चांगला आणि तोंडही कमी नाही. पहिल्याच आठवड्यात छातीत दुखतंय म्हणून आलेल्या एका तरुणाबद्दल तिने मला फोन केला. मी म्हटलं, पाठव. तिने ॲम्ब्युलन्सने शहरात पाठवला. त्याला निघाला आदल्या दिवशीच्या तांबड्या रश्श्याचा त्रास. हार्टच्या डॉक्टरांनी मला फोन करून हसत विचारलं, "कर्नल, तुमच्याकडे गॅसलाही ॲम्ब्युलन्स लागते का?" माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाठव असं मीच म्हटलं होतं, ते मी सोयीने विसरलो. दीड वाजता व्हरांड्यात, पंधरा-वीस लोकांसमोर तिला उभं केलं.

"पक्कं झाल्याशिवाय यापुढे मला फोन करायचा नाही. कळलं?"

"कळलं, सर."

तिने मान खाली घातली नाही. मला तेही आवडलं नाही.

पावसाळा सरताना एका गुरुवारी माझी शहरात मीटिंग होती. दवाखान्यात सायली आणि मालूताई दोघीच. नऊ चाळीसला हौसाबाई आल्या. वय पंचावन्नच्या आसपास, घरी चार म्हशी, डेअरीला दूध घालून तशाच चालत आलेल्या. म्हणाल्या, पित्त झालंय, जबडा दुखतोय, घाम सुटलाय. सायलीने नऊ पन्नासला ईसीजी काढला. त्यात थोडा बदल होता, पण स्पष्ट नव्हता. तिने पित्ताचं औषध दिलं आणि बाकावर झोपवलं. साडेदहाला पुन्हा ईसीजी. पुन्हा थोडा बदल, पुन्हा स्पष्ट नाही. मालूताई म्हणाल्या, सरास्नी फोन लावा. सायली म्हणाली, अजून पक्कं नाही. अकरा दहाला तिसरा ईसीजी काढला. आता शंकेला जागा नव्हती.

अकरा अकराला मला फोन आला. तो मालूताईंनी केला होता.

"सर, हौसाबाईचं हार्ट धरलंय. डॉक्टरीण गोळी द्यायला लागल्यात."

"ॲस्पिरिन चावून खायला दे म्हणावं. ॲम्ब्युलन्स?"

"बोलावलीया."

"मी इथे सांगतो. सरळ इकडे आणा."

हौसाबाई वाचल्या. पण दीड तास गेला होता आणि तेवढ्यात हृदयाचा एक भाग गेला होता. हार्टचे डॉक्टर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, यांना आता दुधाची किटली उचलता येणार नाही. मी गाडी काढली आणि दीडच्या ठोक्याला दवाखान्यात पोचलो.

व्हरांड्यात खुर्ची होती. मी बसलो नाही.

"नऊ पन्नासला ईसीजीत बदल दिसला. अकरा दहापर्यंत काय करत होतीस?"

"पक्कं होत नव्हतं, सर."

"पक्कं होत नव्हतं तर फोन का नाही केलास?"

"पक्कं होत नव्हतं म्हणूनच नाही केला. तुम्हीच सांगितलंय. इथंच, सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, "चूक माझ्यावर ढकलतेस?"

"माझी चूक हायच, सर. ती मी लिहून देते." तिचा आवाज चढला होता आणि पेठ बाहेर आली होती. "पण आमच्या पेठेचा कोचसुद्धा शिव्या देतो. मॅच हरली तर आईबहीण काढतो. पण हाफ टाइमला, खोलीत, दार लावून. ग्राउंडवर पब्लिकसमोर कधी न्हाय. कारण सेकंड हाफला त्याच पोरांनी खेळायचं असतं."

मी आत गेलो आणि तिचा फॉर्म काढला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, अयोग्य, पोस्टिंग पुन्हा करावी. म्हणजे तिचं वर्ष लांबणार. पुढचा रकाना होता, विलंबाचं कारण. तिथे लिहिलं, 'ट्रेनीने वेळेत कळवलं नाही.'

लिहिलं आणि पेन थांबलं. हे वाक्य मी आधी एकदा लिहिलं होतं.

तेव्हा मी मेजर होतो, लडाखमध्ये एका बटालियनचा मेडिकल ऑफिसर. वरच्या पोस्टवर बारा माणसं आणि त्यांच्यात एक नर्सिंग असिस्टंट, नाईक आनंदा चौगले, मुरगूडचा. त्याला मीच तयार केला होता. नाडी, बीपी, ऑक्सिजन, सुई, रजिस्टर, सगळं मी शिकवलं. एकदा त्याने रेडिओवर कळवलं की एका जवानाचं डोकं फार दुखतंय, उलट्या होतायत, उंचीवरच्या विरळ हवेचा त्रास वाटतो. मी खाली आणायला सांगितलं. आठ जणांनी स्ट्रेचर सहा तास बर्फातून आणलं. जवानाने रम जास्त घेतली होती, एवढंच निघालं. आनंदा स्ट्रेचरबरोबर खाली आला होता. दुसऱ्या सकाळी सिक रिपोर्टच्या रांगेसमोर मी त्याला सावधानमध्ये उभं केलं. आठ माणसांचे सहा तास खाल्लेस म्हणालो. पक्कं झाल्याशिवाय रेडिओ सेट हातात घ्यायचा नाही म्हणालो. रांग हसली. आनंदा "येस सर" म्हणाला आणि वर गेला.

तीन आठवड्यांनी सकाळी सहा चाळीसला रेडिओ वाजला. पोस्टचा सुभेदार होता.

"डॉक्टरसाहेब, आनंदा उठत नाही. ओव्हर."

"काय होतंय त्याला? ओव्हर."

"तीन दिवस खोकला होता साहेब. काल दम लागत होता. म्हणाला काही नाही, सर्दी आहे. आता ओठ काळे पडलेत. ओव्हर."

"ऑक्सिजन लावा. लगेच खाली आणा. मी वर निघालो. आउट."

अर्ध्या वाटेवर स्ट्रेचर भेटलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. फुप्फुसात पाणी भरून तो गेला होता. वेळेत खाली आणला असता तर वाचला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

सुभेदाराने रजिस्टर माझ्या हातात दिलं. पोस्टवर सिक रिपोर्ट आनंदाच घ्यायचा. शेवटच्या तीन दिवसांत एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं, त्याच्याच अक्षरात. पहिल्या दिवशी खोकला. दुसऱ्या दिवशी खोकला, डोकेदुखी. तिसऱ्या दिवशी दम. तिन्ही वेळा पुढे निकाल, एम अँड डी.

चौकशी झाली. अध्यक्षांनी विचारलं, उशीर का झाला? मी जबाबात लिहिलं, नर्सिंग असिस्टंटने वेळेत कळवलं नाही. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्याने का कळवलं नाही, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फाईल बंद झाली. मला पुढे बढती मिळाली.

गडमुडशिंगीत मी फॉर्म समोर ठेवून बसून राहिलो. चार वाजता बाहेर गाडी थांबली. हौसाबाईंचा मुलगा चार जणांना घेऊन आला होता. डोळे लाल, शर्टाच्या बाह्या वर.

"कोन ती डॉक्टरीण? बाहेर काडा तिला."

सायली आतल्या खोलीत होती. उठून दारापर्यंत आली. मी तिला हाताने मागे केलं आणि पायरीवर उभा राहिलो.

"माझ्याशी बोला."

"तुमच्याशी काय बोलायचं, पावणं? शहरातला डॉक्टर म्हनला, आईला दीड तास उगच बसवली. उशीर कुनामुळं झाला, येवढं सांगा."

पुन्हा तोच प्रश्न. उत्तर टेबलावरच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. मला फक्त ते वाचून दाखवायचं होतं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. "तिला शंका आली होती. मला फोन करायचा नाही असा हुकूम मी तिला दिला होता. सगळ्यांसमोर दिला होता. इथल्या कुणालाही विचारा."

त्याने माझी कॉलर धरली. दोन बटणं तुटली. फौजेत बावीस वर्षांत माझ्या कॉलरला कुणी हात लावला नव्हता. मी हात खालीच ठेवले. मालूताई मध्ये शिरल्या आणि त्याच्या मनगटावर फटका मारला.

"सोड. आई दवाखान्यात एकटी हाय तुजी. हिकडं काय मर्दुमकी करालायस?"

त्याने सोडलं. जाताना माझ्या पायाशी थुंकला. मी आत आलो, फॉर्म फाडला आणि दुसरा लिहिला. विलंबाचं कारण: गाईडची भीती. खाली माझं नाव, रँकसकट. सायलीने तो वाचला. आभार मानले नाहीत. म्हणाली, "माझी चूकपण लिहा, सर. तिसऱ्या ईसीजीची वाट बघायला नको होती." मी तीही लिहिली. दार लावून आम्ही सहा वाजेपर्यंत ते तिन्ही ईसीजी पाहत बसलो.

रविवारी मी मुरगूडला गेलो. आनंदाच्या बायकोचं, सुमनचं घर सापडायला वेळ लागला नाही. पुढच्या खोलीत ती पिठाची गिरण चालवते. सात-आठ बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. तिने मान वर केली, ओळखलं आणि गिरण तशीच चालू ठेवली.

मी जवळ जाऊन म्हणालो, "जरा बाजूला बोलता येईल का?"

"हितंच बोला. मोठ्यानं बोला, गिरण चालू हाय." तिने पाटीतला गहू ओतला. "चारचौघांत बोलायची तुमास्नी सवय हाय की. वर जायच्या आदी त्यानं फोनवर सांगितलं हुतं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

मी सावधानमध्ये उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. गिरणीच्या वर आवाज काढून बोललो. आनंदाला मी रांगेसमोर अपमानित केलं, म्हणून त्याने आपलं दुखणं लपवलं. चौकशीत मी दोष त्याच्यावर टाकला. तो खोटा होता. दोष माझा होता. बायका डबे धरून ऐकत होत्या. त्यांतली एक पदराने तोंड झाकून रडायला लागली. सुमन रडली नाही.

"झालं?"

"झालं."

"आता जावा. पुना येऊ नगासा."

मी गेलो नाही पुन्हा. गडमुडशिंगीत फोनशेजारी आता एक कागद चिकटवलेला आहे. शंका आली की फोन करा, पक्कं झालं नसेल तर आधी करा. नवीन ट्रेनी आला की त्याला मी आत बसवतो, दार लावतो आणि त्या पोस्टच्या रजिस्टरबद्दल सांगतो. नाईक आनंदा चौगले, नर्सिंग असिस्टंट, मुरगूड. माझा सर्वांत चांगला विद्यार्थी. मी शिकवलेलं त्याने तंतोतंत केलं.